न वाचलेलं कलम

माझा आवाज खणखणीत आहे आणि वाचताना मी अडखळत नाही. एवढ्याच कारणावरून पगारवाढीचा करार डेपोडेपोत वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं.

मी शहर बससेवेच्या कार्यशाळेत फिटर. सकाळी सातला आत शिरलो की ब्रेक, क्लच आणि ग्रीस यातच दिवस जायचा. वाचायची सवय मात्र शाळेपासूनची. धाराशिवकडच्या आमच्या गावात वर्गापुढं उभं राहून बातम्या वाचायची पाळी गुरुजी फिरून फिरून माझ्यावरच आणायचे. संघटनेत आल्यावर निवेदन असो, मागणीपत्रक असो, कागद आपोआप माझ्या हातात यायचा. पुढं मला सहचिटणीस केलं तेही त्यामुळंच असावं.

संघटनेत मला आणलं आमच्या सरचिटणीसांनी. ते ड्रायव्हर होते, मूळचे मावळातले. सगळ्या डेपोंत त्यांना मामा म्हणत. मी रोजंदारीवर होतो तेव्हा एकदा जॅक घसरला आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं चेपली. रोजंदारीवरच्या माणसाला दुखापतीची रजा नव्हती. दुसऱ्याच दिवशी माझ्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. मामांची आणि माझी तेव्हा नुसती तोंडओळख. त्यांना हे कळलं तसं त्यांनी रजा टाकली, मुख्य कार्यालयात गेले आणि साहेबांच्या खोलीकडं जाणाऱ्या जिन्यात बसले. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, पोरगं तुमच्या जॅकखाली चेपलंय, घरच्या जॅकखाली न्हाई. संध्याकाळी साहेब घरी जायला निघाले तेव्हा त्यांना मामांना ओलांडून जाता येईना. मला परत घेतलं. तीन वर्षांनी मी कायम झालो. त्या दिवसापासून मामा सांगतील ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही, असं माझं ठरून गेलेलं होतं.

आमचा आधीचा करार संपून चार वर्षं झाली होती. संघटनेची पाच जणांची समिती प्रशासनाशी बोलणी करत होती, तारखांवर तारखा पडत होत्या. मी त्या समितीत नव्हतो. एका गुरुवारी दुपारी मामा कार्यशाळेत आले. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद होते. मसुद्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या होत्या, आता सभासदांच्या सर्वसाधारण सभेची मंजुरी तेवढी राहिली होती. मामा दमलेले दिसत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

मी हात पुसून गाडीखालच्या खड्ड्याच्या कडेला उभ्यानंच मसुदा वाचला. पगारवाढ चांगली होती, आम्हाला वाटली होती त्यापेक्षा बरी. मागची थकबाकी मिळणार होती. औषधोपचार, गणवेश, सगळं होतं. मग अकरावं कलम आलं. त्यात लिहिलं होतं, की बदली कामगारांना या करारातली वेतनश्रेणी लागू राहणार नाही, त्यांच्याबाबत स्वतंत्रपणे विचार करण्यात येईल.

बदली म्हणजे आमच्यातलेच. परीक्षा देऊन आलेले, अंगात तीच खाकी, हातात तेच तिकीट मशीन, तीच गाडी. कागदावर त्यांचं काम एवढंच, की कायम माणूस गैरहजर असेल तेव्हा त्याच्या जागी जायचं. खरं तर बरीच वर्षं कायम भरतीच झाली नव्हती, त्यामुळं निम्म्या गाड्या त्यांच्याच जिवावर निघायच्या. तरी पहाटे येऊन डेपोच्या बाकावर बसायचं आणि नाव पुकारलं तर ड्युटी, नाही तर घरी, हे चुकत नव्हतं. करारात आपण असू या आशेवर चार वर्षं तेही आमच्याबरोबर वर्गणी भरत होते, मोर्चाला येत होते.

मी मामांना विचारलं, हे अकरावं कसं काय. त्यांनी शांतपणे सांगितलं. बदलीचा विषय काढला की प्रशासन उठून जायला बघत होतं. त्यावर अडून बसलो असतो तर सगळंच फाटलं असतं. आत्ता मिळतंय ते घ्यायचं, त्यांचं पुढच्या वेळी बघायचं. मग फोल्डर बंद करता करता ते म्हणाले, "गेट मीटिंगला तेवढं नको वाचू. उगा कालवा व्हतो. सभेत मी सवता समजावून सांगतो."

मी बरं म्हणालो. मला ते खोटं वाटलं नव्हतं. मामा स्वतः सांगणार आहेत, मग मी कशाला, इतकंच मनात आलं.

पहिली गेट मीटिंग पिंपरीतल्या डेपोत झाली. दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळी माणसं जमली. मी बाकावर उभा राहून वाचायला लागलो. प्रत्येक कलमाला टाळ्या पडत होत्या. दहावं वाचून झालं, मी श्वास घेतला आणि पान उलटून थेट बारावं सुरू केलं. आकडा ऐकू जाऊ नये म्हणून "कलम बारा" न म्हणता नुसतं "तसंच" म्हणालो. कुणाच्या लक्षात आलं नाही. एका ड्रायव्हरनं पेढे आणले होते, त्यातला एक त्यानं माझ्या तोंडात घातला. समोरच्या बाकावर चार बदली कंडक्टर बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या डेपोत तेच केलं. या वेळी श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही.

त्या संध्याकाळपासून मला एका जागी बसवेना. कासारवाडीला आमचं घर स्टेशनच्या मागच्या अंगाला आहे. कामावरून आलो की मी हातपाय धुऊन बसायचो, पाच मिनिटांत उठायचो आणि फलाटावर जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. लोणावळ्याची गाडी यायची, जायची. चहा घेतला तर अर्धा कप टाकून उठायचो. शर्टाच्या खिशात करार घडी करून ठेवलेला असायचा, तो आहे की नाही हे हात लावून बघायचो. सभासद भेटले की खूश होऊन हात मिळवत होते. कुणी दुचाकी बदलायचं बोलत होतं, कुणी घराच्या वरच्या मजल्याचं. प्रत्येक हात मिळवताना मला घाई व्हायची.

बायकोनं विचारलं. ती चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधते, कंत्राटदाराकडून. सकाळी कंपनीची बस तिला हमरस्त्यावरून घेऊन जाते. उभं राहून काम, आणि संघटना वगैरे काही नाही. मी म्हणालो, मीटिंगांची दगदग आहे. तिनं पुढं विचारलं नाही.

तिसरा डेपो नाशिक रस्त्याच्या बाजूचा. पत्र्याच्या शेडखाली पन्नास-साठ जण उभे होते. मी वाचत गेलो, दहावरून बारावर आलो, शेवटपर्यंत पोचलो आणि घडी घालायला लागलो. तेव्हा मागून एक कंडक्टर बाई पुढं आली. तिशीतली, खांद्याला कॅशबॅग, बहुतेक ड्युटी लागायची वाट बघत असावी. ती राजगुरुनगरहून रोज येत होती आणि सहा वर्षं बदली होती, हे मला नंतर कळलं. तिनं आवाज चढवला नाही.

"भाऊ, दहानंतर काय येतं?"

काही जण हसले. मी घडी घालतच राहिलो.

तिनं मोबाइल वर केला. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. ती म्हणाली, "फोटो आलाय माझ्याकडं. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. वाचा."

मी घडी पुन्हा उघडली आणि अकरावं कलम वाचलं. माझा आवाज शेडच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. तो इतक्या लांब जाऊ नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. वाचून झाल्यावर सगळेच एकदम बोलायला लागले. कायमवाले म्हणत होते, चार वर्षांनी काहीतरी पदरात पडतंय, त्यात खोडा घालू नका. बदलीवाले म्हणत होते, मग आमच्याकडून वर्गणी कशाला घेतली. त्या गोंधळात ती बाई माझ्यासमोरून हलली नव्हती. तिनं विचारलं, आधीच्या दोन डेपोंत हे वाचलं होतं का.

हो म्हणता आलं असतं. तिथं पडताळायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, नाही वाचलं.

"का?"

मामांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. म्हणालो, चुकलं माझं.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं बॅग सावरली, मशीन घेतलं आणि गाडीकडं गेली. बस फाटकातून बाहेर पडताना ती दारात उभी राहून तिकिटं द्यायच्या तयारीत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

अर्ध्या तासात मामांचा फोन आला. बातमी आधीच पोचली होती. मी म्हणालो, पहिल्या दोन डेपोंत परत जाऊन ते कलम वाचून येतो. मामा म्हणाले, काही गरज न्हाई, आता तू गप बस, बाकीचं मी बघतो. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, कामाचा होता. तो आवाज मला नीट माहीत होता. मीच आजवर त्या आवाजाच्या पाठीमागं उभा राहत आलो होतो.

घरी गेलो तर बायको मेथी निवडत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, जॅकपासून नव्हे, पेढ्यापासून. माझं बोलणं संपल्यावर मेथीच्या काड्या बाजूला सारत म्हणाली, "आमचा कंत्राटदार दर सहा महिन्याला सही घेतो. कागदाच्या वरच्या भागावर तळहात ठेवतो आणि म्हणतो, इथं करा. काय लिहिलंय ते दिसतच नाही. मला वाटायचं, तुमच्याकडं निदान वाचून दाखवतात."

एवढं बोलून ती मेथी धुवायला उठली. नळ सुरू केला. मी फलाटावर गेलो नाही. तिथंच खाली बसलो आणि बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मी सकाळीच पिंपरीच्या डेपोत गेलो. मीटिंग बोलावलेली नव्हती, बोलवायचा अधिकारही मला नव्हता. माणसं चहाला जमली तिथं गेलो आणि सांगितलं, त्या दिवशी करार वाचताना एक कलम मी गाळलं होतं, ते आता वाचतो. वाचलं. पेढे आणणारा ड्रायव्हर माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, तू तर कायम आहेस ना, मग तुला काय पडलंय. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं. त्या दिवशीच्या चार बदली कंडक्टरांपैकी दोघं तिथं होते. त्यातला एक उठून निघून गेला. दुसऱ्यानं कागद मागितला, स्वतः वाचला, दोनदा वाचला, आणि "स्वतंत्रपणे विचार" या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, म्हणजे कधी. दुपारी दुसऱ्या डेपोत जाऊन तेच केलं. तिथं एकानं मला हाताला धरून फाटकाबाहेर आणून सोडलं.

दरम्यान त्या कंडक्टर बाईनं आणि आणखी काही जणांनी सह्या जमवायला सुरुवात केली होती. मागणी एकच होती, सभेत करारावर हात वर करून नव्हे, चिठ्ठी टाकून गुप्त मतदान घ्या. हात वर करायचा म्हणजे सरचिटणीसांच्या डोळ्यांदेखत करायचा, ते बऱ्याच जणांना जमणार नव्हतं. ती कार्यशाळेच्या फाटकाशी आली आणि कागद पुढं केला. पहिली ओळ तिनं रिकामी ठेवली होती. म्हणाली, पदाधिकाऱ्याची सही वर असली तर बाकीचे घाबरणार नाहीत.

मी एक दिवस मागितला. तिनं दिला, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की माझ्याकडून तिला फारशी आशा नाही.

त्याच दुपारी मामांनी मला कँटीनमध्ये बोलावलं. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. त्यांचे गुडघे दुखत होते, ते पाय लांब करून बसले होते. चाळीस वर्षं क्लच दाबून दाबून डावा पाय गेलाच होता. त्यांनी एकेक माणूस मोजून दाखवला, नाव घेऊन. हा या महिन्यात निवृत्त होतो, तो पुढच्या. याचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. सगळे ड्रायव्हर, सगळे त्यांच्याबरोबर लागलेले. ते स्वतःही चार महिन्यांत सुटणार होते, पण ते त्यांनी यादीत धरलं नाही. "करार नाकारला तर परत बोलणी कवा सुरू व्हतील, कुणाला ठाव न्हाई," ते म्हणाले. "तवर ह्ये समदे घरी गेलेलं असतील. त्यांच्या हातात काय ठिवशील तू?"

ते चुकीचं बोलत नव्हते. मी म्हणालो, "मामा, त्यांचं घेताना दुसऱ्यांचं सोडून दिलं, ते तरी सांगायला हवं होतं ना."

"सांगणार व्हतो."

"सभेत. हात वर करायच्या पाच मिनिटं आधी."

कपातला चहा मामांनी बशीत ओतला, प्यायले, आणि बशी पालथी घातली. जिन्यात बसले होते त्या दिवसाची आठवण ते आता काढतील असं मला वाटत होतं. मी तयारच होतो. त्यांनी ती काढली नाही. काढली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली. तिनं रिकाम्या ठेवलेल्या पहिल्या ओळीवरच केली.

सभा रविवारी होती, कासारवाडीच्या एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं असावं. व्यासपीठामागं प्लॅस्टिकच्या फुलांची कमान तशीच होती आणि तिच्याखाली आमची कार्यकारिणी बसली. हॉल भरून माणसं दारात, जिन्यात, खाली रस्त्यावर उभी होती. बायका-कंडक्टर डाव्या बाजूला एकत्र बसल्या होत्या. सह्यांचा कागद हातात पडलेला असूनही अध्यक्षांनी सुरुवातीलाच करार मंजूर असल्यास हात वर करा, असं म्हणून टाकलं. काही हात वर गेले, काही माणसं उठून उभी राहिली, खुर्च्या सरकल्या. कुणीतरी व्यासपीठाकडं धावलं, त्याला कुणीतरी मागं ओढलं. मी व्यासपीठाच्या टोकाशी उभा होतो.

मामांनी अध्यक्षांच्या हातातून माइक घेतला. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"चिठ्ठ्या टाका," मामा म्हणाले. "पण आधी समदं वाचून व्हऊ द्या." आणि त्यांनी करार माझ्यापुढं धरला.

मी वाचला, पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत. अकरावं कलम आलं तेव्हा आकडा स्पष्ट उच्चारला. संपल्यावर मी म्हणालो, हे कलम दोन डेपोंत मी गाळलं, त्याला मीच जबाबदार आहे, आणि मी या कराराच्या विरोधात मत देणार आहे. टाळ्या वाजल्या, शिव्याही पडल्या. मामा कमानीखाली बसून समोर बघत होते. सगळ्यांना माहीत होतं, कुणाच्या सांगण्यावरून मी ते गाळलं असणार. तरी कुणी ते बोललं नाही, आणि मीही बोललो नाही. ते मी त्यांना वाचवण्यासाठी केलं की स्वतःला मोठं करण्यासाठी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

स्वयंपाकघरातून आणलेल्या स्टीलच्या डब्यांत चिठ्ठ्या पडल्या. दोन्ही बाजूंची माणसं बसून मोजायला लागली. दोनदा मोजल्या. करार थोड्याच मतांनी नाकारला गेला. बदलीवाल्यांना मताचा अधिकार होताच, पण नुसत्या त्यांच्या मतांवर ते झालं नव्हतं. कायमवाल्यांपैकीही बरेच जण विरोधात गेले होते. कोण गेले ते कधीच कळलं नाही. ती बाई रडली वगैरे नाही. ती तिच्या मैत्रिणींना म्हणत होती, चला, राजगुरुनगरची गाडी चुकेल.

मामांनी तिथंच सरचिटणीसपदाचा राजीनामा लिहून दिला. खाली उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. मी हात द्यायला पुढं झालो. त्यांनी माझा हात बाजूला केला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतर आठ महिने प्रशासनानं आम्हाला बोलावलंच नाही. ते महिने वाईट गेले. कार्यशाळेत दोन जुन्या मेकॅनिकनी माझ्याशी बोलणं टाकलं. हत्यार हवं असलं तर ते तिसऱ्या माणसाकडून मागायचे. माझ्या दुचाकीची हवा तीनदा सोडली गेली. तो पेढे आणणारा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि निरोपाच्या चहाला त्यानं मला बोलावलं नाही. मी लांबून बघत होतो, त्याच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक वेळी वाटायचं, आपण चांगलं केलं की फक्त आपलं मन हलकं करून घेतलं. बायकोला विचारलं तर ती म्हणायची, मला काय विचारता, मी कुठं तुमच्या सभेत होते.

नव्या समितीत मला घेतलं, त्या बाईलाही घेतलं. वाटाघाटीत ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. ती आधी ऐकून घ्यायची आणि मग त्यांच्याच वाक्यातला शब्द धरायची. शेवटी करार झाला. बदली कामगारांना वेतनश्रेणी मिळाली, पण दोन टप्प्यांत. त्या बदल्यात पगारवाढ आधीच्या मसुद्यापेक्षा कमी झाली. आणि थकबाकी फक्त त्यांनाच, जे सहीच्या दिवशी हजेरीपटावर होते. या शेवटच्या अटीवर आम्ही तीन बैठका अडून बसलो. मग नमलो. या वेळी ती अट आम्ही आधी सांगितली, प्रत्येक डेपोत. माणसांनी ऐकून घेतली. जे निवृत्त झाले होते ते ऐकायला तिथं नव्हते.

ती मामांनी मोजून दाखवलेली माणसं होती, बहुतेक सगळी. मामाही त्यांच्यातच.

आम्ही ठरवलं, त्यांच्यासाठी वेगळे अर्ज करायचे. दर मंगळवारी सुट्टी टाकून किंवा शिफ्ट बदलून मी मुख्य कार्यालयात जायचो. एकेकाच्या घरी जाऊन सह्या आणल्या. काहींनी दारातूनच सही दिली. काहींनी आत बोलावलं आणि जे बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं. पेढे आणणाऱ्या ड्रायव्हरनं अर्ज शब्द न् शब्द वाचला आणि मगच सही केली.

मामांकडं जायचं मी टाळत होतो. शेवटी एका दुपारी वडगावपर्यंत गाडीनं आणि पुढं जीपनं त्यांच्या गावी गेलो. मामा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. मामींनी चहा आणला. मामांनी कार्यशाळेची चौकशी केली, माणसांची केली. नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना क्लचच नसतो म्हणतात, खरं काय, असं विचारलं. मी खरं आहे म्हणालो. ते हसले. म्हणाले, आमचा गुडघा वाचला असता की रं.

मग मी अर्ज काढला आणि समजावून सांगितला. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या, हात धोतराला पुसले, कागद घेतला, चष्मा लावून वाचला. वाचून सही न करताच परत माझ्याकडं दिला.

"ज्या कराराला मी हात लावला न्हाई, त्यातलं मी मागू कसं?" ते म्हणाले. "बाकीच्यांचं बघ आदी."

मी म्हणालो, मामा, ही भीक नाही, तुमच्या चार वर्षांचं आहे. ते म्हणाले, व्हय, ठाव हाय मला. आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. मी खाली बसून थोड्या सोलल्या. आम्ही पावसाचं बोललो, मुलांचं बोललो. माझी वाकडी झालेली बोटं त्यांनी एकदा बघितली. विरोधात मत दिल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मी माफीही मागितली नाही, कारण मला नेमकी कशाची मागायची ते ठरवता येत नव्हतं. निघताना मामींनी पिशवीभर शेंगा दिल्या.

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघांनी, मी आणि त्या बाईनं, अर्जांचा गठ्ठा कार्यालयात दिला. साहेबांनी वरवर चाळला आणि विचारलं, एवढेच का.

मी म्हणालो, सध्या एवढेच.